पिल्लाच्या बेंबीवर फुगवटा दिसला तर

आमच्या चंपी कुत्रीच्या पिल्लांपैकी कबऱ्याच्या बेंबीवर हरभऱ्याएवढा मऊ फुगवटा आहे. केकाटला की वाढतो. हा बेंबीचा हर्निया, म्हणजे बेंबीपाशी पोटाच्या स्नायूंत राहिलेल्या भोकातून आतली चरबी किंवा आतडं कातडीखाली डोकावणं. हात धुऊन, पिल्लाला उताणं धरून बोटाने हलकेच दाबून बघा. आत सरकला तर घाबरू नका. असे लहान हर्निया बऱ्याचदा सहा महिन्यांपर्यंत आपोआप बुजतात. सासूबाई रुपयाचं नाणं बांधायला निघाल्या होत्या. अजिबात नको! पट्टीखाली कातडी सोलवटते, भोक मात्र तसंच राहतं. अधूनमधून आकार बघत राहा, लसीकरणाला नेलं की डॉक्टरांनाही दाखवा. नाहीच बुजला तर नसबंदीच्या वेळीच टाके घालतात. फुगवटा कडक, दुखरा झाला किंवा पिल्लू ओकायला लागलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा, आतडं अडकलेलं असू शकतं.