पोकलेनला ब्रेकर (दगड फोडायचा हायड्रॉलिक हातोडा) लावलाय? मग एवढं बघाच

छिन्नी दगडावर सरळ 90 अंशात टेकवा, बूमने (मशीनच्या मोठ्या हाताने) थोडा दाब द्या नि मगच पेडल दाबा, तिरकी धरली की छिन्नीभोवतीचा बुश (धातूची कडी) खाल्लाच म्हणून समजा. काळ्या पाषाणात 15-20 सेकंदात तडा नाही गेला तर तिथेच ठोकत बसू नका, हायड्रॉलिक तेल तापतं आणि छिन्नीचं टोक लाल होऊन मऊ पडतं, जागा बदला, कडेकडेने फोडत आत या. दगड फुटला की लगेच पेडल सोडा, हवेत ठोका बसला की छिन्नी अडकवणारी पिन नि ब्रेकर जोडून धरणारे थ्रू बोल्ट जातात. छिन्नीने दगड उचकटायचे नाहीत, त्याला बकेट आहे ना! ग्रीस दर दोन तासांनी, तेही छिन्नी जमिनीवर दाबून ब्रेकरच्या आत गेल्यावरच मारा.