जुन्या कोब्यावर पॉलिमर स्क्रीड घालताना

भोसरी-चाकणकडच्या छोट्या कारखान्यांची फ्लोअरिंगची कामं मी घेतो. मालकांची तक्रार बहुतेक एकच असते. कोब्याची पावडर निघतेय, पॅलेट ट्रकच्या वाटेवर खड्डे पडलेत, आणि वरून दोन इंच नवा कोबा घालायला उंचीच नाही, कारण शटर अडकतं. पॉलिमर स्क्रीड, म्हणजे सिमेंट-वाळूत लॅटेक्स (दुधासारखं द्रव पॉलिमर) घालून केलेला कमी जाडीचा थर, लागतं ते अशाच ठिकाणी. साधा सिमेंट-वाळूचा थर जुन्या काँक्रीटला धरून राहायचा तर निदान २५ मिमी जाडी हवी, आणि खालच्याला न चिकटवता घातला तर ५०. लॅटेक्स घातलेला माल १०-१५ मिमीतही टिकतो. त्याला पाणी कमी लागतं म्हणून आकसतो कमी, आणि खालच्या थराला धरतोही घट्ट.

दुकानात गेलात की पांढऱ्या दुधासारख्या लॅटेक्सचे तीन-चार कॅन समोर येतात. वर्कशॉपसाठी एसबीआर (स्टायरिन-ब्युटाडाइन रबराचं लॅटेक्स) घ्या. उन्हात राहणारी जागा असेल, लोडिंगचा ओटा वगैरे, तर अ‍ॅक्रिलिक; महाग पडतं, पण उन्हाला टिकतं. पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट) स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, ओल लागली की ते परत मऊ पडतं. दोन-चार खड्डेच भरायचे असतील तर पॉलिमर पावडर मिसळलेली तयार गोणी परवडते, कारण मापाचा घोळ होत नाही. आणि प्लेटिंग, पिकलिंग (आम्लाने धातू साफ करणं), डेअरी असं काही असेल तर हा विषयच सोडा. लॅटेक्स घातलं तरी माल सिमेंटचाच, आम्ल त्याला खातं. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) काँक्रीट किंवा इपॉक्सीच हवं.

आता खालचा थर. पैसे इथेच वसूल होतात, नाहीतर इथेच बुडतात. हातोडी घेऊन अख्ख्या जमिनीवर ठोकत फिरा. जिथे डबडब वाजेल तिथला कोबा काढूनच टाका. सुटलेल्या कोब्यावर कितीही भारी लॅटेक्स ओतलंत तरी ते त्याच्यासकट उचलणार. बाकीच्या भागाला टाचे मारा (छिन्नीने खाचा पाडा) किंवा मशिनने घासून वरची साय काढा, आतली खडी दिसली पाहिजे. लेथच्या आसपासचं तेल डिग्रीझरने धुवा, मग त्या जागेवर चार थेंब पाणी टाका. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तेल अजून आत आहे. पुन्हा धुवा, नाहीतर खोल टाचा. जुन्या जमिनीतले जॉइंट कुठे आहेत ते भिंतीवर खुणा करून ठेवा, नवा थर त्याच रेषेत कापायचा असतो. आदल्या रात्री जमीन पाण्याने भिजवायची आणि सकाळी साचलेलं पाणी पुसून काढायचं. आत ओल, वर कोरडं.

मग स्लरी. लॅटेक्स आणि पाणी सारखं घेऊन त्यात दाट सायीइतपत सिमेंट कालवा आणि ताठ ब्रशने टाच्यांच्या खाचांत घासून भरा. बोट लावलं की चिकटली पाहिजे, आणि ती ओली असतानाच माल वर पडला पाहिजे. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली ती बघता बघता सुकते, म्हणून मिस्त्रीच्या पुढे चार-पाच फुटांपेक्षा जास्त मारू देत नाही. सुकलीच तर खरवडून परत मारायची. सुकलेल्या स्लरीवर माल टाकण्यापेक्षा स्लरी न मारलेली बरी.

मालाचं माझं माप: ५० किलोची एक गोणी सिमेंट, १५० किलो वाळू, १० लिटर लॅटेक्स. कॅनवरचं माप वेगळं असेल तर तेच पाळा, प्रत्येकाचा घट्टपणा वेगळा असतो. वाळू जाड हवी, प्लास्टरची बारीक चालत नाही. थर २० मिमीच्या पुढे गेला तर निम्मी वाळू काढून ६ मिमीखालची कच घालतो. पाणी शेवटी, थोडं थोडं. वाळूत ओल असेल तर ८ लिटरही पुरतं. मुठीत दाबल्यावर गोळा राहावा, बोटांतून पाणी गळू नये. मशीन दोन-तीन मिनिटांवर फिरवू नका, लॅटेक्स फेसाळतं आणि मालात हवा अडकते. एवढ्या मालात १५ मिमीने ६०-६५ चौरस फूट जागा होते.

पट्ट्या लावून माल दाबून भरा, फळीने ओढा, रंधा मारा, थापीने बंद करा. हे सगळं अर्ध्या तासात. वर कातडी धरली की हात काढून घ्यायचा. मिस्त्री लोकांना चकाकी आणायला पाणी शिंपडून परत घोटायची सवय असते, ती इथे मोडावी लागते.

सगळ्यात जास्त वाद क्युरिंगवरून. "शेठ, पाणी नाही कोंडलं तर फाटेल की!" असं आमचे एक जुने मिस्त्री अजून दर कामाला म्हणतात. साध्या कोब्याला ते बरोबरच आहे. इथे पहिले २४ तास ओलं गोणपाट आणि वर प्लास्टिक, मग सगळं काढून उघडं सुकू द्यायचं. सिमेंटला ओल लागते, पण लॅटेक्सचा पापुद्रा धरतो तो सुकतानाच. आळी करून आठवडाभर पाणी साठवलंत तर लॅटेक्सचे पैसे पाण्यात. संध्याकाळी वॉचमनलाही सांगून निघा, नाहीतर तो आपुलकीने पाइप सोडतो.

तिसऱ्या दिवशी माणसं चालू देत, पॅलेट ट्रक आठवड्याने, जड मशीन २८ दिवसांनी. वर इपॉक्सी रंग द्यायचा असेल तर दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. खाली दव धरलं तर अजून थांबा.

बिल देण्याआधी हातोडी परत फिरवून घ्या. मधेच कुठे तळहाताएवढी जागा पोकळ वाजली, तडा नाही आणि वरून चाकं जात नाहीत, तर उकरू नका. जॉइंटच्या कडेला किंवा शटरच्या तोंडाशी वाजली तर तेवढा चौकोन कटरने कापून, टाचे मारून नवीन भरून घ्या.