विज्ञान मंडळाच्या सभासदांनो, या चुका टाळा

साताऱ्यातल्या आमच्या विज्ञान मंडळाचा मी नऊ वर्षं चिटणीस होतो. महिन्याला एक व्याख्यान, पावसाळ्यात दोन-तीन सहली, वर्षाला एक स्मरणिका, एवढाच आमचा पसारा. या नऊ वर्षांत माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी विज्ञानातल्या मतभेदाच्या फार थोड्या होत्या. बाकी सगळ्या वागण्याच्या. कोणाचं नाव गाळलं, कोणाचा फोटो न विचारता वापरला, कोण कोणाशी कसं बोललं. यातल्या बहुतेक चुका चांगल्या माणसांच्या हातून, सवयीनं झालेल्या होत्या. एक माझ्याही हातून झाली, तिथूनच सुरुवात करतो.

ज्यानं दाखवलं त्याचं नाव गाळणं

वायतुरा म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस. आपल्या जिल्ह्याचं नाव मिरवणारी ही पाणवनस्पती सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, पावसाळी डबक्यांत उगवते, इंग्रजी वाय अक्षरासारखा दुफाटा पांढरा तुरा काढते आणि पाऊस सरला की जमिनीतल्या कंदात परत जाते. कासच्या परिसरात एका म्हाताऱ्या गुराख्यानं आम्हाला तिचं एक नवं डबकं दाखवलं. आमच्या सहलीच्या वाटेपासून ते बरंच आत होतं, एरवी आम्ही तिकडे कधीच फिरकलो नसतो. स्मरणिकेत मी लिहिलं, 'आम्हाला वायतुऱ्याची आणखी एक जागा आढळली.' खाली तीन सभासदांची नावं. पुढच्या पावसाळ्यात त्या गुराख्याकडे गेलो तर ते एवढंच म्हणाले, "आता तुमचं तुमीच हुडका की."

त्यांचं बरोबर होतं. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, शीटवर वनस्पती गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक असतो. तो नसेल तर त्या नमुन्याला अर्धीच किंमत राहते, कारण नमुना कुठून आणि कोणाच्या हातून आला, ही माहितीसुद्धा विज्ञानाचाच भाग आहे. मग जागा दाखवणाऱ्याचं नाव का नको? पुढच्या अंकात पहिल्याच पानावर दुरुस्ती छापली, त्यांचं पूर्ण नाव घातलं आणि अंक घरी नेऊन दिला. तेव्हापासून वहीत नोंद करतानाच 'माहिती देणारे' असा एक रकाना आम्ही आखतो. नाव छापायला त्या माणसाची हरकत नाही ना, हेही तिथल्या तिथे विचारतो. औषधी उपयोगाची माहिती असेल तर आणखी जपावं लागतं. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे, गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत, लोकांची जैवविविधता नोंदवही आहे. वैदूकडून ऐकलेलं आपलं संशोधन म्हणून मांडणं सभ्यपणाला धरून नाहीच, शिवाय कायद्याच्याही अंगावर येऊ शकतं.

ज्यानं काही केलं नाही त्याचं नाव घालणं

ही चूक पहिलीच्या नेमकी उलट, आणि महाविद्यालयांत जास्त. विभागप्रमुख आहेत, गाडीची सोय केली, निधी आणला, म्हणून लेखकांत नाव. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी लेखक कोणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्या आहेत आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात: कामाच्या आखणीत, माहिती जमवण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात खरा वाटा, लेखनात किंवा मजकुराच्या गंभीर दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि कामातल्या चुकीची जबाबदारी घेण्याची तयारी. नुसता निधी आणणाऱ्याचे किंवा देखरेख करणाऱ्याचे आभार मानावेत. वनस्पतिशास्त्रालाही ही फूटपट्टी चालते.

विद्यार्थ्याला 'सरांचं नाव नको' असं तोंडावर म्हणता येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून हा विषय लेख तयार झाल्यावर काढूच नका. काम सुरू होण्याआधी एका कागदावर कोण काय करणार ते लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. आज अनेक नियतकालिकं योगदानाच्या १४ भूमिकांची यादी वापरतात: कल्पना, माहितीचं संकलन, विश्लेषण, पहिला मसुदा वगैरे. ती समोर ठेवली की कोणाचं नाव कुठे बसतं ते बोलून दाखवावं लागत नाही.

'दहा टक्क्यांपर्यंत चालतं'

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याविरुद्धच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पुढे ४०, ६० अशा पायऱ्या चढत शिक्षा वाढते. यावरून दहा टक्के उचलायची मुभा आहे अशी समजूत रूढ झाली आहे. साम्य तपासणारं मशीन फक्त जुळणारे शब्द मोजतं. दुसऱ्याची कल्पना, दुसऱ्याचा आलेख, दुसऱ्याचा फोटो त्याला दिसत नाही, मराठीत उतरवलेला इंग्रजी परिच्छेद तर बहुतेक वेळा सहज सुटतो. स्मरणिकेसाठी लेख घेताना मी टक्के पाहतच नव्हतो. 'हे वाक्य तुम्हाला कुठे मिळालं?' असं लेखकाशेजारी बसून विचारत होतो.

जागा जाहीर करणं

दुर्मीळ कंदीलपुष्प सापडलं की पहिला हात फोनकडे जातो. फोटो ग्रुपवर पडतो, सोबत गावाचं नाव, कधी नकाशावरची खूणसुद्धा. दोन दिवसांत तिथे पाऊलवाट पडते, कंद उकरले जातात. कास २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आहे आणि तिथे राखणदार तरी आहेत. आडबाजूच्या सड्यांना कोणीच वाली नाही. फोटो टाकायचाच तर तालुक्यापलीकडे पत्ता सांगू नका, आणि फोटोच्या फाइलमध्ये फोन आपोआप ठिकाण नोंदवतो ते आधी बंद करा. नेमकी जागा मंडळाच्या वहीत राहू द्या. टाकून झाला असेल तर ग्रुपवर 'काढला आहे, कोणी पुढे पाठवू नये' असं स्पष्ट लिहा, आणि वनखात्याला कळवा.

मंडळाच्या नावावर बोलणं

कोयनेच्या परिसरात जमीन हलली की पत्रकाराचा पहिला फोन आमच्यासारख्यांना येतो. ११ डिसेंबर १९६७ च्या मोठ्या भूकंपाची पहाट पाटणमधली म्हातारी माणसं अजून सांगतात, त्यामुळे लोकांचं घाबरणं खरं आहे. अशा वेळी रसायनशास्त्राच्या शिक्षकानं मंडळाचा उपाध्यक्ष म्हणून 'येत्या आठवड्यात मोठा धक्का शक्य' असं म्हणणं हा गंभीर गुन्हाच मी मानतो. भूकंपाची वेळ, जागा आणि तीव्रता आधी सांगणारी पद्धत आज कोणाकडेच नाही. धरणाच्या पाण्याचा आणि तिथल्या भूकंपांचा संबंध अभ्यासला गेला आहे, कराडजवळ त्यासाठी खोल वेधविवरांची प्रयोगशाळा आहे. पत्रकाराला तिकडे पाठवा. आपला विषय नसेल तर 'हा माझा विषय नाही' हे पूर्ण उत्तर आहे.

याच्याच पोटातली दुसरी चूक हितसंबंध लपवण्याची. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर तासगावकडे द्राक्ष बागायतदारांसाठी डावणी-भुरी या द्राक्षांवरच्या रोगांवर व्याख्यान ठेवलं, वक्ता आपला सभासद, आणि तोच एका औषध कंपनीचा सल्लागार. सल्ला योग्यही असेल. पण ऐकणारा बागायतदार त्यावर हजारोंची फवारणी करणार आहे, त्याला हे नातं आधी कळलंच पाहिजे. पहिल्याच स्लाइडवर सांगा, तोंडानंही सांगा. व्याख्यान उरकलं असेल तर हजर असलेल्यांना निरोप पाठवून कळवा.

प्रश्नोत्तरात माणसावर घसरणं

'तुमचा नमुना १२ च आहे, यावरून एवढा निष्कर्ष कसा?' हा प्रश्न झाला. 'एवढंही वाचलं नाही का?' हा अपमान झाला. पहिल्यांदा बोलणारी मुलगी असा एक अपमान सोसून पुन्हा येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अध्यक्षांनी तिथेच थांबवावं. नंतर चहाच्या वेळी समजूत घालण्यात अर्थ नसतो.

सहलीतलं वागणं आणि तक्रार आल्यावरचा गोंधळ

सर्वांत जास्त हानी इथे होते, आणि सर्वांत जास्त झाकपाकही इथेच. मुक्कामाच्या सहलीत राहायची सोय, गाडीत कोण कोणाजवळ बसणार, रात्री संपर्क कोणाशी, हे निघण्याआधी लेखी ठरवा. सहलीच्या जबाबदार मंडळींत किमान एक महिला सभासद हवी. वरिष्ठ सभासदानं विद्यार्थिनीला 'नमुने दाखवायला' एकटीला बोलावू नये, कितीही साधा हेतू असला तरी.

कार्यस्थळी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आपल्याला लागू नाही, आपण तर हौशी, असं अनेक मंडळं धरून चालतात. त्या कायद्यातल्या कर्मचारी या व्याख्येत बिनपगारी, स्वयंसेवी काम करणारेही येतात. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ती तीन महिन्यांत लेखी करायची असते. कारण पटलं तर समिती मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. समितीचा पत्ता मंडळाच्या फलकावर लावा.

तक्रार आल्यावर हमखास होणारी चूक म्हणजे 'घरातली गोष्ट घरात मिटवू'. दोघांना समोरासमोर बसवून माफी मागायला लावतात आणि प्रकरण संपलं असं समजतात. तसं करू नका. छळाची तक्रार असेल तर त्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीपर्यंत नेऊन देणं एवढंच मंडळाचं काम आहे. 'जाऊ नकोस' असं तिला कोणीही सांगू नये. बाकी तक्रारी, नाव गाळल्याच्या, चोरीच्या, अपमानाच्या, मंडळानं ऐकाव्यात. तक्रार लेखी घ्या, पोच द्या. ज्याच्याविरुद्ध आहे त्याला प्रत द्या आणि उत्तराला ठरावीक दिवस द्या. ऐकणाऱ्या तिघांत त्याचा मित्र, नातलग, सहलेखक नको. निर्णय कारणांसह इतिवृत्तात लिहा, आणि तोवर कोणाचंही नाव ग्रुपवर येऊ देऊ नका.

तक्रार चिटणीसाविरुद्धच असेल, तर ती घ्यायची कोणी, हे मंडळाच्या नियमावलीत आधीच लिहिलेलं असावं. आमच्या नियमावलीत ते नव्हतं. मी पद सोडायच्या वर्षी सर्वसाधारण सभेत तो ठराव मांडला. आता अशी तक्रार थेट अध्यक्षांकडे जाते, आणि त्या बैठकीचं इतिवृत्त चिटणीस लिहीत नाही.