छत्रीधारी उडीचा सिनारिओ लिहिताना या चुका टाळा

वॉरगेमसाठी, म्हणजे नकाशावर सोंगट्या आणि फाशांनी खेळायच्या युद्धखेळासाठी, टांगाइलच्या छत्रीधारी (पॅराशूटनं उतरणाऱ्या सैन्याच्या) उडीचा सिनारिओ, म्हणजे त्या एका लढाईची मांडणी आणि नियम, मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा तो अर्ध्या तासात आटोपला. भारतीय बाजूच्या खेळाडूनं सगळ्या सोंगट्या टांगाइलजवळच्या पुंगलीच्या पुलाभोवती कोंडाळं करून मांडल्या, दुसऱ्या पाळीत पूल घेतला, आणि पुढं कुणालाच काही करण्यासारखं उरलं नाही. फासे, नकाशा, सैन्याची यादी सगळं ठीक होतं. चूक एकच होती. उडी ही मी खेळापूर्वीची मांडणी धरली होती. खरं म्हणजे उडी हाच लढाईचा पहिला आणि सर्वांत धोक्याचा भाग असतो. छत्रीधारी सिनारिओतल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ इथंच सापडतं.

प्रसंग थोडक्यात असा. 11 डिसेंबर 1971 च्या दुपारी उशिरा सुमारे 50 विमानांतून सुमारे 700 जवान आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलजवळ उतरले. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांची ही 2 पॅरा, भारताची छत्रीधारी पलटण. मैमनसिंग-जमालपूरकडून ढाक्याकडं मागं सरणाऱ्या पाकिस्तानी 93 ब्रिगेडची वाट पुलावर अडवायची, हे तिचं काम. 2 पॅरा म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून जमिनीवरून येऊन तिला मिळाली ती 1 मराठा, म्हणजे जंगी पलटण. आपल्याकडच्या वॉरगेम खेळणाऱ्यांना हा प्रसंग टेबलावर आणावासा वाटतो यात नवल नाही. म्हणूनच तो नीट आणायला हवा.

सोंगट्या हव्या तिथं ठेवू देणं

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. पुष्कळ जण ती दुरुस्त करताना दुसरी करतात, प्रत्येक सोंगटीसाठी वेगळा फासा टाकायला लावतात. एक उत्तरेला, दुसरी दक्षिणेला, तिसरी नेमकी जागेवर. नकाशावर मीठ भुरभुरल्यासारखं दिसतं, पण विमानातून उडी अशी होत नाही.

जरा हिशेब करा. उडीच्या वेळी डकोटासारखं विमान ताशी 180 किमीच्या आसपास वेगानं जातं, म्हणजे सेकंदाला 50 मीटर. सेकंदाला एक या गतीनं 20 जवान बाहेर पडले, तर पहिल्या आणि शेवटच्या माणसात जवळजवळ 1 किमी अंतर पडतं. तेही सगळं विमानाच्या वाटेवर, एका रेषेत. तुमचा हेक्स, म्हणजे नकाशावरचं षटकोनी घर, 250 मीटरचा असेल तर एकाच विमानातली माणसं चार हेक्समध्ये पसरणार. शिवाय चूक सामाईक असते. पुढच्या विमानानं ढगात वळण चुकवलं तर मागची रांगच्या रांग चुकते, वारा फिरला तर सगळ्यांना सारखाच ढकलतो.

म्हणून फासे दोन टप्प्यांत टाका. आधी संपूर्ण लाटेसाठी एकदा, वाऱ्याची दिशा आणि वाटेची चूक ठरवायला. मग प्रत्येक विमानासाठी एकदा, त्या वाटेवर किती पुढं-मागं ते ठरवायला. विमानं कोणत्या बाजूनं येणार हे खेळाडूनं आधी लिहून ठेवायचं. एवढा एक नियम घातला की खेळाडू पहिल्या फाशापूर्वीच विचारात पडतो. नदीला समांतर यावं की आडवं? आडवं आलो तर निम्मी माणसं नदीपलीकडं.

ग्लायडरना, म्हणजे दुसऱ्या विमानानं ओढून नेऊन सोडलेल्या बिनइंजिनाच्या विमानांना, मात्र हाच तक्ता लावू नका. 6 जून 1944 ला, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या चढाईत, ब्रिटिश मेजर जॉन हॉवर्ड यांची माणसं सहा ग्लायडरमधून कान कालव्याच्या आणि ओर्न नदीच्या पुलांवर गेली, तेव्हा पहिलं ग्लायडर कालव्याच्या पुलापासून 50 मीटरच्या आत टेकलं. ग्लायडरमधली माणसं एकत्र उतरतात, हत्यारांसकट. धोका वेगळा असतो. ग्लायडर आपटलं, तर अख्खी प्लाटून एका फाशात जायची. त्यांच्यासाठी पसरण कमी ठेवा आणि अपघाताचा आकडा वेगळा धरा.

उतरला की लढायला तयार

याच 6 जूनच्या रात्री मर्व्हिलच्या तोफखान्यावर जाणाऱ्या लेफ्टनंट कर्नल ऑटवे यांच्या पलटणीत 600 हून जास्त माणसं होती. हल्ल्याच्या वेळी हाताशी आली सुमारे 150. बाकीची मेली नव्हती, दलदलीत आणि अंधारात वाट शोधत होती. तुमच्या नियमांत "जिवंत" आणि "मेलेला" अशा दोनच अवस्था असतील तर हा प्रसंग तुम्हाला कधीच दाखवता येणार नाही.

सोंगटीची मागची बाजू "विखुरलेली" म्हणून वापरा. उतरलेली प्रत्येक तुकडी उलटीच पडेल. विखुरलेली तुकडी हळू चालेल, स्वतःचा बचाव करेल, हल्ला करू शकणार नाही. दर पाळीला जमवाजमवीचा फासा. जवळ अधिकाऱ्याची सोंगटी असेल तर एक जास्त, अंधार असेल तर एक कमी.

हत्यारांचं वेगळं पाहा. 20 मे 1941 ला ग्रीसच्या क्रीट बेटावर उतरलेल्या बहुतेक जर्मन छत्रीधाऱ्यांकडं अंगावर पिस्तूल आणि हातबॉम्ब एवढंच होतं. रायफली आणि मशीनगन वेगळ्या पेट्यांतून येत आणि त्या पेट्यांपर्यंत उघड्यावरून धावावं लागे. क्रीट लिहायचं असेल तर पेट्यांच्या सोंगट्या हव्यातच. ब्रिटिश, अमेरिकी किंवा भारतीय जवानाच्या सिनारिओत मात्र त्या अवजड हत्यारांपुरत्याच ठेवा, कारण त्याचं स्वतःचं हत्यार त्याच्याबरोबरच उतरत असे.

टांगाइलला मला इथंच अडलं होतं. नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या 1944 च्या लढाईसाठीचा जमवाजमवीचा तक्ता जसाच्या तसा उचलला आणि 2 पॅरा तासन्‌तास शेतांत भटकत राहिली. प्रत्यक्षात ती संध्याकाळ उलटता उलटता पुलावर पोचली होती. तिथली वस्ती उतरणाऱ्यांच्या बाजूची होती, हे मी नियमांत आणलंच नव्हतं. त्या पट्ट्यात बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या कादेर सिद्दीकी यांच्या मुक्तियोद्ध्यांचा जम होता आणि गावकरी मदतीला धावून आले. गावाच्या हेक्समध्ये किंवा शेजारी असलेल्या तुकडीला जमवाजमवीत दोनची सूट दिली, आणि वेळापत्रक आपोआप जुळलं. हाच नियम क्रीटला उलटा लागतो. तिथं गावकरी मिळेल ते घेऊन जर्मनांवर चालून गेले होते.

सगळं सैन्य एकदम उतरवणं

17 सप्टेंबर 1944. ब्रिटिश पहिली एअरबोर्न डिव्हिजन आर्नहेमच्या पश्चिमेला उतरली, पुलापासून 8 ते 13 किमी दूर. विमानं पुरेशी नव्हती आणि दिवसाला एकच फेरी ठरली होती, म्हणून डिव्हिजन तीन दिवसांत तीन लाटांनी यायची होती. याचा परिणाम नकाशावर बघा. पहिल्या लाटेतल्या दोन ब्रिगेडपैकी एकीला उतरण्याची मैदानं राखत बसावं लागलं, कारण उद्याची लाट तिथंच पडणार. पुलाकडं निघाली ती एकच. दुसऱ्या दिवशी इंग्लंडमधल्या धुक्यानं दुसरी लाट काही तास अडकली.

हे सगळं काढून टाकून "ब्रिटिश: पूर्ण डिव्हिजन, पाळी 1" असं लिहिलं की आर्नहेम राहतच नाही. मैदान राखायला किती ठेवायचं आणि पुलाकडं किती धाडायचं, हाच त्या लढाईतला सगळ्यात कठीण निर्णय आहे. तो खेळाडूकडून काढून घेऊ नका. मैदान सोडायची मुभा द्या, पण शत्रूच्या ताब्यातल्या मैदानावर पडणाऱ्या लाटेचं नुकसान दुप्पट करा. रसदीलाही तोच नियम लावा. आर्नहेमला टाकलेल्या पुरवठ्यातला बराचसा जर्मनांच्या हाती पडला.

बचाव करणाऱ्याला सगळं माहीत असणं

टेबलाच्या पलीकडं बसलेल्या खेळाडूनं इतिहास वाचलेला असतो. पूल महत्त्वाचा हे त्याला पहिल्या पाळीपासून ठाऊक, मग तो सरळ पुलावर जाऊन बसतो. चाचणीत बचाव करणारा सलग जिंकत असेल तर हल्लेखोराची ताकद वाढवू नका, आधी बचावाची माहिती कमी करा. माझ्या मते या प्रकारच्या सिनारिओत हाच दोष सगळ्यात उशिरा लक्षात येतो.

टांगाइलला त्या रात्री उत्तरेकडून येणाऱ्या पाकिस्तानी तुकड्या पुढं कोण बसलंय याची कल्पना नसताना पुलाकडं आल्या. म्हणून माझ्या नियमात पाकिस्तानी काफिला रस्त्यानं दक्षिणेला ठरावीक हेक्स चाललाच पाहिजे. समोरून गोळीबार झाला, किंवा छत्र्या दिसल्याची बातमी फाशानं वरपर्यंत पोचली, तरच खेळाडूच्या हाती मोकळा निर्णय येतो.

दुसरा उपाय, पोकळ सोंगट्या. त्या दिवसांत परदेशी बातम्यांतून टांगाइलला 5,000 छत्रीधारी उतरल्याचं पसरलं होतं, म्हणजे खऱ्या आकड्याच्या सातपट. भारतीय खेळाडूला खऱ्या सोंगट्यांइतक्याच रिकाम्या सोंगट्या पालथ्या द्या. समोरचा जवळ येऊन बघेपर्यंत प्रत्येक सोंगटी कंपनीच वाटेल. चार खेळ झाले तरी हा नियम शिळा होत नाही, असा माझा अनुभव आहे.

आर्नहेमला मात्र बचावाला पार आंधळं करू नका. उतरण्याच्या मैदानांच्या जवळच जंगलात क्राफ्ट यांची एसएसची (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाची) प्रशिक्षण पलटण होती आणि ती लगेच वाटेत आडवी आली. 9 आणि 10 एसएस पँझर (रणगाडा) डिव्हिजनची उरलीसुरली माणसं त्याच भागात डागडुजीला होती. दोन-तीन तुकड्यांना पहिल्याच पाळीत हालचाल द्या, बाकीच्यांना जागं होण्याचा फासा.

विजयाच्या अटी

"पूल घेतला की जिंकलात" ही अट छत्रीधाऱ्यांना लागू पडत नाही. घेणं सोपं असतं, जमिनीवरचं सैन्य येईपर्यंत टिकवणं अवघड. ब्रिटिश छत्रीधारी अधिकारी जॉन फ्रॉस्ट यांनी सुमारे 740 माणसांनिशी आर्नहेमच्या पुलाचं उत्तर टोक 17 च्या संध्याकाळपासून 21 च्या सकाळपर्यंत धरून ठेवलं. मदत पोचली नाही. 1 मराठा दुसऱ्याच दिवशी पोचली. म्हणून कुमक ठरलेल्या पाळीला आणू नका. एका ठरावीक पाळीनंतर दर पाळीला फासा टाका, आणि कुमकेच्या रस्त्यावरचा प्रत्येक तुटलेला पूल त्यातून एक वजा करील असं ठेवा. गुण द्यायचे ते पूल हातात असलेल्या दर पाळीला. टांगाइलला याशिवाय नकाशाच्या दक्षिण कडेनं निसटणाऱ्या प्रत्येक पाकिस्तानी कंपनीचे गुण पाकिस्तानला द्या. नाहीतर ते पुलावर डोकं आपटत बसतात, आणि बाजूच्या शेतवाटांनी निसटण्याचा मार्ग कुणी चाचपतच नाही.

दारूगोळ्यासाठी गोळी गोळी मोजायची गरज नाही. प्रत्येक तुकडीला तीन खुणा, जोरदार हल्ल्याला एक खर्च. संपल्या की मारा निम्मा. पुरे.

शेवटचं एक, जे पुष्कळ जण विसरतात, ते म्हणजे पुढच्या लाटेची जागा बदलण्याची सोय. सोसाबोव्स्की यांची पोलिश ब्रिगेड उशिरा, 21 सप्टेंबरला, ठरलेली जागा सोडून ऱ्हाइनच्या दक्षिणेला ड्रीलला उतरली. ज्या फेरीबोटीनं नदी ओलांडायची ती तोवर हातातून गेलेली होती. खेळाडूला हा बदल करू द्या, पण हुकूम दोन पाळ्या आधी लिहून घ्या आणि रेडिओचा फासा लागला तरच तो पोचला असं धरा. आर्नहेमला रेडिओ चालत नव्हते, तेव्हा सहापैकी पाच किंवा सहा पडले तरच. हुकूम पोचला की नाही हे लाट प्रत्यक्ष पडेपर्यंत खेळाडूला सांगू नका, फासा तिसऱ्या माणसाला टाकायला लावा.