सान सेबास्तियानमध्ये जेवायचं कुठे? या चुका टाळा

उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या सान सेबास्तियानमध्ये हातात दोनच दिवस असले की पहिला प्रश्न हाच: मिशेलिन ताऱ्यांच्या (मिशेलिन गाइड उत्तम रेस्तराँना देतं त्या, जास्तीत जास्त तीन) रेस्तराँत बसायचं, की जुन्या गावातल्या बारमध्ये उभ्याने पिंचो खायचे? पिंचो म्हणजे तापासचा, पेयाबरोबर खायच्या छोट्या स्पॅनिश पदार्थांचा, बास्क भाऊबंद. माझं मत आधीच सांगते. पहिल्यांदा जात असाल तर एक अख्खी संध्याकाळ पिंचोंना द्या. तारांकित जेवण हवंच असेल तर ते दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवा.

दोन्ही एकाच दिवशी करू नका. तारांकित रेस्तराँतला टेस्टिंग मेन्यू, म्हणजे एकामागून एक येणारे बरेच छोटे पदार्थ, तीन तास सहज चालतो आणि माणशी २५० युरोंच्या वर जातो. दुपारी चार बार फिरून रात्री तिथे बसलात, तर निम्म्यातच पोट तट्ट होतं आणि पुढचं सगळं नुसतं बघावं लागतं.

आर्साक या रेस्तराँला १९८९ पासून तीन तारे आहेत. अकेलार्रे आणि शेजारच्या लासार्तेतलं मार्तिन बेरासातेगी हीसुद्धा तीन ताऱ्यांची. इथे आयत्या वेळी टेबल मिळत नाही, आणि रविवार-सोमवार अशी बरीच रेस्तराँ बंद असतात. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी टेबलाची तारीख बघा. नाहीच मिळालं तर दुपारची वेळ विचारा, प्रतीक्षा यादीत नाव घाला.

तरीही जमलं नाही तर हळहळू नका. आर्साकचे शेफ हुआन मारी आर्साक आणि अकेलार्रेचे पेद्रो सुबिहाना यांनी १९७० च्या दशकात नव्या बास्क स्वयंपाकाची जी चळवळ उभी केली, तिचा हात बारच्या स्वयंपाकघरांतही दिसतो. मात्र तो चाखायचा तर काउंटरवर मांडलेल्या थंड पदार्थांनी ताट भरू नका. हा बुफे नाही. भिंतीवरचा फळा वाचा, गरम पदार्थ मागवा. ला कुचारा दे सान तेल्मो या बारमध्ये तर काउंटरवर काही मांडलेलंच नसतं, सगळं मागणीनुसार बनतं. गांबारामध्ये मशरूम अंड्याच्या बलकाबरोबर घ्या, ला विन्यात चीजकेक. नेस्तोर बारमध्ये बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, दुपारी एकच आणि रात्री एकच बनते. आधी जाऊन नाव द्यावं लागतं. एका बारमध्ये एक पदार्थ, चाकोली वाइनचा एक छोटा ग्लास, की पुढचा बार. एकाच टेबलाला चिकटून बसलात तर या फिरण्यातली सगळी मजा गेली.

संध्याकाळी सहाला भूक लागली म्हणून निघू नका, बऱ्याच स्वयंपाकघरांत तेव्हा चूल पेटलेली नसते. साडेआठ-नऊला खरी रंगत येते. आणि दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादासारखा पेयाबरोबर फुकट तापा इथे मिळत नाही, प्रत्येक पिंचोचे पैसे पडतात.

शाकाहारी असाल तर 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) एवढंच सांगून भागत नाही. मासा किंवा हॅम येतोच. 'वेजेताल' लिहिलेल्या सँडविचमध्येसुद्धा बहुतेकदा ट्यूना असतो, क्रोकेतास या तळलेल्या गोळ्यांमध्ये हॅम. 'नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन' (मांस नको, मासा नको, हॅम नको) असं तिन्ही नावं घेऊन सांगा. अंडं चालत असेल तर तोर्तिया, नाहीतर तळलेल्या गेर्निका मिरच्या. मोठ्या रेस्तराँत जाणार असाल तर बुकिंग करतानाच लिहून कळवा, टेबलावर बसल्यावर सांगेपर्यंत उशीर झालेला असतो.