सबमर्सिबल मोटारीच्या केबलचा जोड: या चुका टाळा

मोटार सोडली, पाणी आलं, आठ-दहा दिवस सगळं झकास. मग एके सकाळी स्टार्टर ट्रिप. परत चालू केला, परत ट्रिप. मोटार जळाली असं ठरवून अख्खा पाईप वर ओढतात, मोटार वाइंडिंगला नेतात, आणि तिथे मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावल्यावर मोटारीत काहीच दोष निघत नाही. तेव्हा कुठे कुणी जोडाची टेप ब्लेडने चिरतो. आत पाणी, तांब्यावर हिरवा थर, एका कोअरचं (केबलमधल्या एका वायरचं) इन्सुलेशन काळं पडलेलं. "पण टेपचा अख्खा रोल गुंडाळला होता की!"

रोल एक असो की तीन, काळी पीव्हीसी टेप पाणी अडवायला नसतेच. तिचा गोंद पाण्यात हळूहळू सुटतो आणि वेढ्यांमधून पाण्याला गोल गोल वाट मिळते. पाण्याखाली दर 10 मीटरला चौरस सेंटिमीटरमागे साधारण 1 किलो दाब वाढतो. म्हणजे पाण्याच्या पातळीपासून 60 मीटर खाली असलेल्या जोडावर 6 किलोचा रेटा. शिरलेलं पाणी जोडापाशी थांबतही नाही. तारांमधल्या फटींतून इन्सुलेशनच्या आत पुढे सरकत जातं. म्हणून फसलेला जोड नुसता सोडवून परत बांधू नका, लख्ख तांबं दिसेपर्यंत केबल मागे कापा. वीतभर केबल वाचवून पुन्हा सगळा पाईप ओढण्यात कसली बचत?

टेपच वापरायची तर आतून रबराची, स्वतःला चिकटून एकजीव होणारी टेप हवी. तीही ताणून, अर्ध्यावर अर्धा वेढा येईल अशी. सैल गुंडाळली तर एकजीव होत नाही. पीव्हीसी टेप तिच्यावर, फक्त घासण्यापासून संरक्षणाला.

आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आकसून घट्ट बसणारी नळी) जास्त भरवशाची, पण तिथेही घाई नडते. स्लीव्ह आधी ओवायची राहून जाते आणि क्रिम्प (तारांवर कनेक्टर दाबून बसवणं) झाल्यावर आठवते. किंवा लायटरने एक बाजू करपवतात, दुसरी गारच. हीट गन घ्या, मधून सुरुवात करून टोकांकडे फिरवत न्या. दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कड बाहेर आली की झालं; ती दिसली नाही तर जोड बंद झालेला नाही. स्लीव्ह इन्सुलेशनवर दोन्हीकडे किमान अडीच-तीन सेंटिमीटर चढलेली हवी. तो भाग आधी पॉलिश पेपरने हलका खरवडून पुसा, हाताचं तेलही गोंदाला चालत नाही. गार होईपर्यंत वाकवू नका.

आणखी एक गैरसमज म्हणजे वरून एक मोठी स्लीव्ह घातली की काम झालं. चपट्या केबलच्या दोन कोअरमध्ये खाच असते, मोठी स्लीव्ह तिथे टेकतच नाही आणि पाणी त्या खाचेतून आत जातं. पाणी अडवायचं ते प्रत्येक कोअरच्या स्वतःच्या स्लीव्हने. मोठी असली तर वरचं कवच समजा.

तिन्ही कोअरचे जोड एकाच रेषेत नकोत, पाच-पाच सेंटिमीटर मागेपुढे ठेवा. 4 चौरस मिलिमीटरच्या केबलला त्याच मापाचा कनेक्टर, आणि दाबायला क्रिम्पिंग टूलच. पक्कडीने चेपलेला कनेक्टर ओढून बघा, बऱ्याचदा हातात येतो. सोल्डर केलंत तर फ्लक्स (सोल्डरची पेस्ट) पुसा आणि अणकुचीदार टोकं घासून टाका, ती टेप भोसकतात. केबलचा भार जोडावर नको. दर तीन मीटरला पाईपला बांधा, पण जोडावर पट्टा आवळू नका.

चाचणीला मात्र कुणाकडे वेळ नसतो. जोड रात्रभर बादलीत बुडवा, केबलचं मोकळं टोक बाहेर आणि कोरडं. मग 500 व्होल्टच्या मेगरची एक पिन कोअरला, दुसरी पाण्यात सोडलेल्या उघड्या तारेला. चांगला जोड शेकडो मेगाओहम दाखवतो. आकडा दोन-चार मेगाओहमवर आला तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता तो कापून नवा करा. मोटार सोडताना दर काही पाईपांनंतर कोअर ते अर्थ मेगर लावत राहा. केबल स्टार्टरला जोडलेली नसतानाच. एखाद्या पाईपनंतर आकडा एकदम पडला, तर केबल तिथेच सोलली गेली किंवा जोड नुकताच पाण्यात गेला. तेवढेच पाईप वर काढावे लागतील.