बिनदुधाचा, बिनबर्फाचा घट्ट फ्रोजन शेक

घरच्या शेकमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे बर्फ. ताजं फळ, पातळ दूध आणि वरून सात-आठ बर्फाचे खडे घातले की पहिला घोट थंडगार लागतो, पण पाच मिनिटांत ग्लासात वर फेस आणि खाली रंगीत पाणी उरतं. वनस्पतिजन्य दूध बहुतेक वेळा साध्या दुधापेक्षा पातळ असतं, त्यामुळे त्यात ही फजिती आणखी लवकर होते. म्हणून इथे बर्फ अजिबात नाही. फळ गोठवायचं आणि काजूचं थोडं दूधही गोठवायचं, म्हणजे शेक वितळला तरी पाणचट होत नाही.

खालचं प्रमाण प्रत्येकी साधारण २५० मिलीच्या दोन ग्लासांसाठी आहे.

२ मध्यम केळी (सोलून २०० ते २२० ग्रॅम)
५० ग्रॅम काजू
२०० मिली पाणी
३ मऊ बिनबियांचे खजूर
दीड टेबलस्पून बिनसाखरेची कोको पावडर
चिमूटभर मीठ, हवा असल्यास पाव टीस्पून व्हॅनिला इसेन्स

आदल्या दिवशी

शेकची अर्धी चव केळ्यावर ठरते. सालीवर तपकिरी ठिपके आलेलं, दाबल्यावर मऊ लागणारं केळं घ्या. पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि साखर जास्त असली की गोठलेलं फळ दगडासारखं कडक न होता सहज वाटलं जातं. हिरवट केळ्याने शेक तुरट होतो आणि जीभ जडावते. मग कितीही खजूर घाला, तो तुरटपणा हटत नाही.

केळी सोलूनच गोठवा. सालासकट ठेवली तर दुसऱ्या दिवशी साल सुरीने खरवडत बसावं लागतं. दोन सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करून ताटलीत बटर पेपरवर एकमेकींना न चिकटता पसरा. उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ५-६ तास पुरतात, तरी रात्रभर ठेवलेल्या बऱ्या. कडक झाल्या की हवाबंद डब्यात भरा. दोन महिने चांगल्या राहतात. सगळ्या चकत्या थेट पिशवीत कोंबल्या तर त्यांचा एकच गोळा होतो, आणि तो फोडताना पातं आणि मोटर दोन्हींची परीक्षा होते.

काजू कोमट पाण्यात ४ तास भिजवा. घाई असेल तर उकळत्या पाण्यात अर्धा तास. भिजवलेलं पाणी फेकून द्या. काजू छोट्या भांड्यात घालून २०० मिलीपैकी आधी फक्त ५० मिली पाणी घाला आणि गंधासारखी मऊ पेस्ट होईपर्यंत वाटा, मग उरलेलं पाणी मिसळा. सगळं पाणी एकदम ओतलं तर तुकडे पात्यापासून दूर पळतात आणि दूध रवाळ राहतं. गाळायची गरज नाही. काजू घेण्याचं कारणच ते. यातलं १०० मिली दूध बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा, उरलेलं झाकून फ्रीजमध्ये ठेवा. घरचं काजूदूध तीन दिवसांत संपवावं.

शेक करताना

१. खजूर गरम पाण्यात १५ मिनिटं भिजवून निथळा. कोको दोन टेबलस्पून गरम पाण्यात कालवून गार करा. कोरा कोको थंड दुधात टाकला तर गुठळ्या होतात आणि चवही दबलेली राहते.

२. ग्लास फ्रीजरमध्ये ठेवा. मिक्सरचं भांडंही १० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलं तर उत्तम.

३. भांड्यात थंड काजूदूध, खजूर, कोको, मीठ आणि इसेन्स घालून खजुराचा कण लागणार नाही इतकं फिरवा. गोठलेलं काहीही अजून घालू नका. आता चव घ्या: मिश्रण हवं त्यापेक्षा थोडं जास्तच गोड लागायला हवं, कारण थंड पदार्थात जिभेला गोडी कमी जाणवते.

४. केळ्याच्या चकत्या आणि दुधाचे खडे फ्रीजरमधून काढून ३ मिनिटं बाहेर ठेवा. निम्मे भांड्यात घालून पल्सवर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या. भांड्याच्या कडेचं चमच्याने खाली ढकला आणि उरलेले घाला.

५. मिश्रण वळत, आत ओढलं जात फिरू लागलं की १५-२० सेकंद सलग चालवा आणि थांबा. लगेच ओता.

पातं मोकळंच गरगरतंय आणि वरचं मिश्रण हलत नाही, असं चौथ्या पायरीला बहुधा होतंच. पात्याभोवती हवेची पोकळी तयार झालेली असते. मिक्सर बंद करून चमच्याने ढवळा, पोकळी मोडा. त्यानेही काम झालं नाही तर एक टेबलस्पून दूध घाला, एकच. इथे हात सैल सोडला की घट्ट शेकचं सरबत होतं. मोटरचा वास आला तर पाच मिनिटं थांबा. मात्र तोवर भांडं फ्रीजरमध्ये.

जास्त वेळ फिरवणं हे पातळ शेकचं दुसरं कारण. पात्याच्या घर्षणाने मिश्रण तापतं आणि गोठलेले कण वितळतात. रवाळ लागला तर दोष बहुतेक वेळा काजू कमी भिजल्याचा असतो.

दूध किंवा फळ बदलायचं असेल तर

काजू-बदाम चालत नसतील तर ओट्सचं दूध: एक भाग ओट्स, चार भाग अगदी थंड पाणी, फक्त ३० सेकंद फिरवून गाळा, कापड पिळू नका. जास्त वाटलं किंवा पिळलं की ते बुळबुळीत होतं. स्निग्धता कमी असल्याने त्यात एक टेबलस्पून सूर्यफुलाच्या बियांची पेस्ट घाला. नारळाचं दाट दूध घेतलं तर १२० मिलीत ८० मिली पाणी मिसळा. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, त्यामुळे गार मिश्रण फार घुसळलं तर मेणासारखे पांढरे कण तोंडात येतात. सोया दूध आंबट फळांबरोबर फाटतं. ते कोको-केळ्यासाठीच ठेवा.

आंब्याचा शेक करताना एक केळं कमी करून १२० ग्रॅम गोठवलेल्या फोडी घ्या, कोको वगळा आणि एकच खजूर पुरतो. स्ट्रॉबेरीचंही प्रमाण तेवढंच, खजूर मात्र तीन. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं. ते गोठवलं की बर्फच, त्याचा शेक कधीच मलईदार होत नाही.

उरलेला शेक फ्रीजमध्ये ठेवू नका, तो काळवंडतो आणि पातळ होतो. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. दुसऱ्या दिवशी चार टेबलस्पून दुधाबरोबर फिरवला की पुन्हा घट्ट.